दाराकडे बघून खाल्लेला घास

आई, काल मिरजेच्या मावशीची मुलगी जेवायला आली होती. तिच्या मुलानं इथं जवळच विचुंब्याला फ्लॅट घेतला, म्हणून म्हातारपणी तीही इकडे राहायला आली आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, मावशी जाऊनही जमाना झाला, तरी त्या घरची माणसं आपल्या दारात यायची काही थांबत नाहीत. मी वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, तोंडभर हसले, वाढताना आग्रह केला. आतून मात्र तशीच धुमसत होते, जशी बारा वर्षांची असताना धुमसायचे. पंचाहत्तरी उलटली तरी माणसाचा मत्सर काही म्हातारा होत नाही, हे तिकडे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

मावशी म्हणायला तूच शिकवलंस. नाहीतर तू आपटा गावची, ती मिरजेची, तुझे देव वेगळे, तिचा देव वेगळा. तुम्ही दोघी लष्करातल्या नर्सेस. सिंगापूर पडलं तेव्हा पकडल्या गेलात आणि युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या छावणीत कैदी म्हणून राहिलात, तिथल्याच आजारी कैद्यांची शुश्रूषा करत. हे मला तुझ्याकडून कधीच कळलं नाही. तू नुसतं ‘तिकडे असताना’ एवढं म्हणायचीस आणि वाक्य तिथंच सोडून भाजी चिरायला घ्यायचीस. बाबांनीही कधी खोदून विचारलं नाही. जे कळलं ते मावशीच्या तोंडून. ती दर थंडीत चार दिवस यायची आणि आपल्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसायची. बँडेज संपली तेव्हा तू आपली पांढरी साडी फाडून पट्ट्या केल्यास, त्याच पट्ट्या उकळून उकळून जाळीदार झाल्या, झडती आली की तू क्विनाइनच्या गोळ्या अंबाड्यात लपवायचीस, एकदा पाऊस आला नि अंबाड्यातून कडू पाणी तुझ्या तोंडात उतरलं, असं काय काय ती सांगायची. मग तुम्ही दोघी हसत सुटायचात. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचीस, पदर तोंडात कोंबून. ते हसू एरवी वर्षभर आपल्या घरात कुणाच्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला काय, तर नखं बघणं, जीभ बघणं नि चादरीच्या घड्या नीट न घातल्याबद्दल बोलणी.

आणि तो घास. तू जेवताना शेवटचा एक घास ताटाच्या कडेला सारून ठेवायचीस. रोज. भाताचाच असायचा, वर थोडी आमटी. जेवण झालं की ताट घेऊन उठायचीस, दाराशी जाऊन बाहेर बघायचीस आणि मग उभ्या उभ्याच तो खाऊन टाकायचीस. शेजारच्या काकूंना वाटायचं तू गोग्रास काढतेस. त्या एकदा म्हणाल्यासुद्धा, ‘अहो, गाईचा घास जेवायच्या आधी काढायचा असतो, उष्टं घालतात का गाईला?’ तू ‘हो का?’ म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठएक वर्षांची असताना मला वाटलं, तो माझाच असणार. आया मुलांसाठी ठेवतातच की घास. मी हात पुढे केला. तू माझं मनगट धरलंस, नाडी बघताना धरायचीस तसं, आणि म्हणालीस, ‘तो तुझा नाही.’ रागावून नाही, साध्या आवाजात. रागावली असतीस तर मी विसरलेसुद्धा असते.

दुसरी गोष्ट अशी की आपल्या घरात शिळं म्हणून कधी काही उरलं नाही. तू मोजून रांधायचीस, आणि चुकून चार घास उरलेच तर ते झाकून ठेवणं तुला ठाऊकच नव्हतं. तिथल्या तिथे खाऊन टाकायचीस नाहीतर शेजारी देऊन यायचीस. दह्याचं विरजणसुद्धा काकूंकडून आणायला लावायचीस. तू जिची बाळंतपणं केलीस ती कोळीण मासळी घेऊन यायची ना, ती मला चिडवायची, ‘बाय, तुज्या आईच्या घरान मांजर पन टिकायचा नाय.’ मला लाज वाटायची. मला आपण कंजूष वाटायचो.

मी बारा वर्षांची असतानाची थंडी. मावशी आली आहे. तुम्ही समोरासमोर जेवायला बसल्या आहात, मी पाणी घेऊन उंबऱ्यात उभी आहे. तू घास कडेला सारतेस, तीही सारते. आणि मग काही न बोलता तू तुझा घास उचलून तिच्या ताटात ठेवतेस, ती तिचा तुझ्या. दोघी खाता. दाराकडे कुणीच बघत नाही. माझ्या हातातलं पाणी अर्धं माझ्या पायांवर सांडलं, त्यावरूनही तू बोललीसच. दुपारी तू दवाखान्यात कामावर गेल्यावर मी मावशीला धरलं. ती म्हणाली, ‘अगं बाळ, तिथं दोघींत मिळून एक डबा यायचा. एक वॉर्डात, दुसरी जेवायला. जिनं आधी खाल्लं तिनं आपल्या वाटणीचा शेवटचा घास ठेवायचा. दुसरी परत आलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आपला सगळा वाटा आधीच संपवला तर त्याचा अर्थ काय? ती आता येत नाही, असं तू धरून चाललीस. म्हणून घास ठेवायचा. घास आहे म्हणजे माणूस यायचाय.’

मी विचारलं, ‘मग मी शाळेतून यायची असते तेव्हा आई माझ्यासाठी का नाही ठेवत?’

मावशी हसली. म्हणाली, ‘तू येणारच असतेस गं.’

तिला वाटलं असेल, पोरीचं समाधान झालं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे दूर मिरजेला मजेत राहणाऱ्या बाईसाठी तू रोज दाराकडे बघणार, आणि मी, जी खरोखर त्या दारातून येते, तिची वाट बघायची गरजच नाही. येणारच असते! मी ठरवलं, उद्या यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी न येता तळ्याच्या काठी जाऊन बसले. भूक लागली, रडू आलं, एका म्हशीनं माझी वही हुंगली. ऊन उतरलं तेव्हा मनात आलं, आता आई घाबरली असेल, आता तिनं घास ठेवला असेल. दिवेलागणीला घराशी आले तर तुम्ही दोघी पायरीवर बसून गप्पा मारत होतात. गप्पा! तू मला नखशिखांत बघितलंस आणि म्हणालीस, ‘हातपाय धू. ताट झाकून ठेवलंय, जेवून घे.’ कुठं होतीस, एवढंही विचारलं नाहीस. मी आत गेले. ताट भरलेलं होतं. दुपारचा भात, गार बिरडं, भाकरी, आणि मला आवडते म्हणून तळलेली मिरची. मी ताटाच्या आजूबाजूला शोधलं, ओट्यावर शोधलं. घास कुठंच नव्हता. मी गार भात गिळत रडले, आणि पायरीवरून तुमच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या दिवसापासून मी मावशीचा मनापासून द्वेष केला. तू गेलीस तेव्हा ती येऊन माझ्या गळ्यात पडून रडली, तर माझ्या मनात आलं, आता ठेव म्हणावं घास.

काल तिची मुलगी जेवता जेवता म्हणाली, ‘ताई, तुम्ही एकदा तळ्यावर जाऊन बसला होतात ना?’

मी चमकले. तळ्यावर होते हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘तुमच्या कुणा कोळणीनं तुम्हाला तिथं बसलेलं बघितलं होतं, तिनं दुपारीच येऊन सांगितलं. आई म्हणाली, जाऊन घेऊन येऊ या. तर तुमची आई म्हणाली, नको, येईल ती, तिला तिच्या पायांनी येऊ दे. आणि तुमचं ताट झाकून बाहेर पायरीवर जाऊन बसली. ती दवाखान्यातसुद्धा गेली नाही त्या दिवशी. आत यायलाच तयार नाही. भरलेलं ताट घरात असताना आत बसून ते खाल्ल्याशिवाय राहणं तिला कुठं जमतंय? आमची आईही तशीच. रात्री उठून भांडी पालथी आहेत ना, काही उरलं नाही ना, बघायची. आई म्हणाली, तू दमलीस, मी बसते ताटाजवळ. तर तुमची आई काय म्हणाली माहितीये? “तुझाही भरवसा नाही. तूही बस इथंच.” म्हणून दोघी संध्याकाळपर्यंत पायरीवर. आई मरेपर्यंत सांगायची, एवढं भरलेलं ताट न खाता राखलेलं मी एकदाच बघितलं.’

मग ती आपल्या ताटात बघत म्हणाली, ‘आमच्याकडे नाही कधी राखलं. उशीर झाला की भांडी घासलेलीच. मला तुमचा फार राग यायचा हो.’

मी तिला आणखी भाकरी वाढली. दुसरं काय करणार? ती गेल्यावर तिचं ताट घासताना मात्र तेच शब्द घोळवत राहिले. ‘तुझाही भरवसा नाही.’ हे तू तिला म्हणालीस, मावशीला, आणि माझ्या ताटासाठी म्हणालीस. इतक्या वर्षांनी एकदा मी जिंकले. आणि तेही मला तुझ्याकडून नाही, पुन्हा त्यांच्याच घरातून कळावं, याचाही राग आलाच.

हे कागद कुठं टाकायचे नाहीत, घडी घालून कपाटात चादरींच्या खाली जातील. घड्या मी अजून तुझ्यासारख्याच घालते. तू माझ्यासाठी काय राखलंस ते मला आता कळलंय, आई, अगदी नीट कळलंय. पण खरं सांगू का? मला अजूनही तो घासच हवाय.