कपाटावरच्या कोंबड्याचा डोळा

सूनबाई,

कपाटाच्या दारावरच्या कोंबड्याच्या नक्षीतून निघालेले शिंपल्याचे तुकडे मी परत चिकटवायला कागदावर मांडून ठेवले होते. तू कचरा समजून व्हॅक्यूमने ओढलेस! मशीनचं पोट उघडून कोंबड्याची चोच, तुरा, शेपूट सगळं काढलं, डोळा तेवढा नाही सापडला. चोर आला की आरवायचा बिचारा, आता त्याला चोर दिसणार कसा?

नवा डोळा कापून आणायला कारागिराकडे चाललेय. त्याला फोनवर सांगितलंय, आमच्या सुनेने साबुदाणा समजून गिळला. त्याला लगेच पटलं.

कपाटाला फडकंसुद्धा लावू नकोस. डोळा बसेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. ही चिठ्ठी बोलण्यात धरू नकोस.

— तुझ्या मुलांची आजी