कोपऱ्यातला टीव्ही

आये, आमच्या घरात टीव्ही भिंतीवर चढला. कोपऱ्यात, छताखाली, लोखंडी हातावर. तो हात पाहिजे तसा वळतो. एवढा मोठा टीव्ही की त्यातल्या बायकांच्या नथीतले मोतीसुद्धा दिसतात. मी त्याला हळदकुंकू लावलं, साखर ठेवली. सुनेनं कोपराच निवडला, कारण एका भिंतीला माझी खाट, दुसरीला तिच्या आईची. विहीणबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून कळंबोलीहून नेरुळला आमच्याकडं आल्यात. फिटरनं विचारलं, कुठं वळवू? मी हिकडं म्हणणार, तेवढ्यात सून म्हणाली, बरोबर मधे ठेवा. मग काय, दोघी माना वाकड्या करून बघत बसलो. सून ऑफिसला गेली तशी मी धूळ पुसायच्या निमित्तानं स्टुलावर चढून टीव्ही दोन बोटं माझ्याकडं फिरवला. अंघोळ करून येते तर तो विहीणबाईंकडं तोंड करून! वॉकर धरून चालणारी बाई, हात पोचला कसा? तर जळमटं काढायचा लांब झाडू त्यांच्या खाटेशी. म्हणाल्या, "वाऱ्यानं फिरला असंल."

लेकीची आई, तिचं कौतुक होणारच, कळतंय मला. पण सून त्यांच्या उशाला चहा ठेवते आणि मी जळते. मग तू आठवतेस. आबांनी तुझ्यावर सवत आणली, आणि पुढं गल्लीतला पहिला टीव्ही आणला तोही धाकटीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या फळीवर. सगळी गल्ली तिच्या दारात. तू चुलीपुढं भाकरी थापतेस, दाराकडं पाठ करून. मी म्हणते, आये, चल की बघायला. तू म्हणालीस, "हितनं ऐकू येतंय की." आत लोक हसले की तूही हसायचीस. गाव म्हणायचं, सवती असाव्यात तर अशा. मीही जन्मभर तेच सांगत आले, मिरवत. आज विहीणबाईंनाही सांगितलं, जरा टोमणा म्हणूनच. त्या वॉकरवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमी कधी विचारलंत का आईला?"

मी उठले आणि टीव्ही पार माझ्याकडं वळवला. आता सिरियल चालू आहे, माझं लक्ष नाही. आये, तू जळत होतीस का गं? थोडी तरी जळली असावीस, असं फार वाटतं मला. हा कागद कुठं टाकणार, तुला पोचणार कसा, आणि न पोचलेलाच बरा. तू नाही म्हणालीस, तर आपल्या दोघींत जळणारी मी एकटीच उरेन.