पत्त्यांवरून निवडलेली जोडी

फाएन्झा, २० मे

आमलेतोदादास,

धाकट्या लेआर्कोचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं लिंबाचं झाड थंडीत तगलं का? (अकरा वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, म्हणजे सगळं ठीक असणार.) मी बरा आहे. आमचा शर्यतीचा संघ मात्र शेवटच्या घटका मोजतोय. येत्या रविवारी पहिल्या पाचांत आमची एकही गाडी आली नाही, तर मालकीण इव्होनबाई गॅरेजला कुलूप लावणार आहेत.

झालं असं, की दोन चालक निवडायचे होते. इतर संघ घड्याळ बघतात, नाहीतर पोराच्या बापाचा खिसा. मी पत्ते बघितले. मराफोने हा आपला जोडीने खेळायचा पत्त्यांचा डाव; त्यात जोडीदाराशी बोलायची बंदी, हे तुला मी काय सांगायचं? पान टाकताना मूठ आपटली की समोरच्याने ओळखायचं, सगळ्यात मोठं पान टाकून हात जिंकायचा. बारमध्ये सान्ते आणि गालेआनो हे दोन तरुण चालक खेळत होते. एकाची मूठ आपटायच्या आत दुसऱ्याचं पान पडायचं. बाहेर पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता, दारातून आत येऊन अलगद टेबलावर बसत होता, आणि मला जागेपणीच दिसू लागलं: आमच्या दोन निळ्या गाड्या त्या कापसातून शेजारी शेजारी वळणात शिरताहेत, कुणी कुणाला धक्का देत नाही, सगळं कसं निःशब्द. (इंजिनं चालू असताना निःशब्द कसं, हे स्वप्नात विचारायचं नसतं.) तिथेच दोघांच्या सह्या घेतल्या.

पहिल्या शर्यतीत दोघं तिसऱ्या-चौथ्या जागी होते. वळणाशी सान्ते रेडिओवर म्हणाला, "गालेआनो, जा ना तू पुढे." तो म्हणाला, "छे रे, आज तुझी गाडी छान पळतेय, तूच हो." या आग्रहात दोघांनी ब्रेक लावले आणि सहा गाड्या सुळकन निघून गेल्या. मी ढगांकडे बघत होतो. किती गोड पोरं, असं मनात आलं. तेवढ्यात इव्होनबाईंनी माझ्या कानांवरचे हेडफोन ओढले. "लेआर्को, मी शर्यतीला माणसं मागितली होती, तू व्याही आणलेस!" पुढच्या तीन शर्यतींतही तोच मानपान.

आता बाई म्हणतात, एकाला काढ आणि कुणी भांडकुदळ आण. तशी लुगो गावची चालक निव्हेस आहे. पत्त्यांत ती स्वतःच्या जोडीदाराचाही हात मारते. पण काढू कुणाला? आणि तिला जोडीला घेतलं तर वळणात काय होईल?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
लेआर्को

ता.क. शुक्रवारी चाचणी आहे. जोडी निवडायला येशील का? इथे माझ्याशी वाद घालणारं कुणी नाही.

ता.क. दुसरा: पत्त्यांचं मी लोकांना सांगतो. खरं तर मला कधीच न भांडणारे दोघं हवे होते. अकरा वर्षांपूर्वी आपण एकाच संघाच्या गाड्या घेऊन शर्यतीच्या वळणात एकमेकांवर आदळलो, आणि तू बोलणंच टाकलंस. तसं पुन्हा कुणाचं व्हायला नको होतं.

ता.क. तिसरा: ब्रेक मी उशिरा दाबला होता. चूक तुझी, असं अकरा वर्षं गावभर सांगत आलोय. आता चिडून का होईना, ये.