डाव्या हाताची दोन बोटं

४ मार्च, सोमवार

"एक नाव जास्त पडलं तर कुणाचं काही बिघडत नाही, एक सुटलं तर सगळंच बिघडतं." एकवीस वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. संशयितांची नावं गोळा करून बँकांना यादी विकणारी कंपनी होती ती. आज जेवणाच्या सुट्टीत बँकेतल्या दोन नव्या मुलींना मी तेच वाक्य ऐकवलं – माझंच असल्यासारखं!

त्यानंतर दुपारी एक मोठी केस सापडली. कृत्रिम पाय बनवणारा एक छोटा कारखाना. आमचं जुनं खातं, पण परदेशी पैसे पहिल्यांदाच पाठवत होते, गुडघ्याचे सांधे मागवायला. म्हणून मालकाचं नाव याद्यांशी ताडून पाहिलं. चार याद्यांत निघालं, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या! बनावट धर्मादाय संस्थेच्या पैशांच्या फिरवाफिरवीशी संबंध. नाव, गाव, धंदा, सगळं जुळलं. शेरा लिहिला: खात्री झाली. खातं गोठवलं.

घरी नवऱ्याने रोजच्यासारखं विचारलं, आज कोण सापडलं? म्हटलं, पाय बनवणारा. म्हणाला, म्हणजे पळून जायची सोय करून देणारा! दोघंही पोट धरून हसलो.

६ मार्च, बुधवार

तो आज बँकेत आला. कारण सांगायचं नाही हा नियमच आहे, म्हणून आमच्या विभागप्रमुख मॅडमनी बजावून मला खाली पाठवलं – तांत्रिक अडचण, एवढंच बोल.

भांडेल असं वाटलं होतं. पन्नाशीचा, शांत माणूस. नखांत प्लास्टर. अकरा जणांची मापं घेऊन झाली आहेत म्हणाला, सांधे बंदरावर अडकलेत. एक सहावीतली मुलगी आहे, वर्षात दोन इंच वाढली, जुना पाय आता आखूड पडतो, शाळेत जायला लाजते. मग दोन्ही हात काउंटरवर ठेवून म्हणाला, "मॅडम, काय चुकलंय ते सांगा फक्त. मी दुरुस्त करीन. माझं कामच ते आहे."

मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे.

आणि त्याच्या हातांकडे बघत राहिले. दहा बोटं होती. दोनदा मोजली!

७ मार्च, गुरुवार

त्याची नोंद पुन्हा उघडून पाहिली. 'ओळखीची खूण: डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.' चारही याद्यांत. अगदी त्याच शब्दांत.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी भाजी चिरताना आठवलं. सुरी खाली ठेवली.

बोटांचं ते वाक्य माझं आहे.

त्या पहिल्या नोकरीत 'ओळखीची खूण' हा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकायचाच नाही. बाकीच्या मुली डोळे झाकून 'नाही' लिहायच्या. मी मात्र वर्तमानपत्राच्या कात्रणातला फोटो डोळ्यांजवळ धरून बघायची. टेबलाच्या कडेवर टेकलेला एक हात, तीनच बोटं दिसताहेत. किती अभिमान वाटला होता, आपण नीट बघतो याचा! बाकीची दोन आत मुडपलेली असतील, हे मनातही आलं नाही.

इतरांनी आमच्या यादीतून उचललं. मग एकमेकांकडून. मी सोमवारी चार साक्षीदार बघितले. होता एकच, आणि तो मी!

नवऱ्याला सांगितलं. आज विनोद केला नाही. नक्की तूच का, एवढंच विचारलं. मग उरलेली भाजी त्यानेच चिरली.

९ मार्च, शनिवार

ग्रंथालयात गेले. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे एकेक करून पाहिले. चौथ्यात सापडलं. तोच फोटो, तोच हात. बातमी पहिल्या पानावर सुरू होऊन सातव्यावर संपते. माझ्याकडे आलेलं कात्रण फक्त पहिल्या पानाचं होतं.

सातव्या पानावर लिहिलंय: त्याच्या कारखान्याच्या नावाने दोनशे पायांची खोटी बिलं बनवलेली त्याला दिसली, आणि तो स्वतः चालत पोलिसांकडे गेला. तक्रार त्याची! त्याच्यामुळे संस्था पकडली गेली!

तीनदा वाचलं. ग्रंथपालबाई जवळ येऊन विचारून गेल्या, पाणी देऊ का.

११ मार्च, सोमवार

मॅडमसमोर दोन्ही पानांची झेरॉक्स ठेवली. चार-चार ठिकाणी आहे, चारही कशा चुकतील, असं म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. उठून दार लावून आल्या. वाईट नाहीत त्या. माझ्या बाळंतपणात डबा पाठवायच्या. म्हणाल्या, या पानांवर खातं उघडता येईल, पण मूळ नोंद तुझी होती हे कागदावर आणू नकोस. "वीस वर्षं काढलीस या कामात. एका ओळीसाठी सगळं घालवणारेस?"

एका ओळीनेच तर त्याचं घालवलंय.

कागदावर आणलं. खाली सही केली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि वर पाठवलं.

१४ मार्च, गुरुवार

खातं उघडलं. पण उशीर झाला – सांधे पाठवणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडेही यादी आहेच! त्याने ऑर्डर रद्द केली, सांधे दुसऱ्याला दिले. आता चार महिने थांबा.

यादीवाल्या चारही कंपन्यांना लिहिलं होतं. तिघांचं उत्तर आलं. इतर ठिकाणी नोंद कायम असल्यामुळे बदल करता येत नाही. तिघांचंही हेच! फक्त माझ्या जुन्या कंपनीचं उत्तर यायचंय.

१६ मार्च, शनिवार

त्याच्या कारखान्यात गेले. नियमात बसत नाही. गेले.

एकच लांब खोली, भिंतीला टेकून ओळीने उभे पाय. त्या मुलीच्या जुन्या पायाखाली तो रबराचा जाड तुकडा चिकटवत होता, चार महिने निघावेत म्हणून. उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. कात्रण, रकाना, माझी सही. तो तुकडा दाबून धरून ऐकत होता, चिकटेपर्यंत हलला नाही. मग डावा हात वर करून बघितला. कुठली दोन, म्हणून विचारलं. मी दाखवली.

म्हणाला, दुसऱ्या तीन बँकांनी खातं नाकारलं होतं त्याला. जावयाच्या घरच्यांनी लग्नाआधी चौकशी केली, तेव्हाही कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. आपल्या वागण्यातच खोट असेल असं समजून तो इतकी वर्षं जास्तच सरळ वागत आला.

मला वाटलं, आता हाकलून देईल. देईल तर बरं. त्याने नळावर हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"ताई, माझ्या एकट्याचंच लिहिलं होतंत का?"

१७ मार्च, रविवार

जुन्या कंपनीला आणखी एक प्रश्न लिहून पाठवला.

२१ मार्च, गुरुवार

जुन्या कंपनीचं उत्तर आलं. त्याची नोंद काढली. माझ्या सहीच्या कबुलीमुळे. मूळ नोंदच गेल्यावर बाकी तिघांना आता काढावी लागेल.

माझ्या प्रश्नाला खाली एकच ओळ: तुमच्या आद्याक्षरांखालच्या चौदा हजार दोनशे सहा नोंदी आजही वापरात आहेत.

बराच वेळ तो आकडा वाचत बसले. मग लिहिलं – ती सगळी नावं मला द्या. मूळ कात्रणांसकट. एकेक मी पुन्हा तपासते, शेवटच्या पानापर्यंत वाचते, जन्म गेला तरी चालेल, पगार नको. गोपनीय आहे म्हणाल, नियम दाखवाल, माहीत आहे. तरी द्या.