पाकिटावरचं श्रीमती

विनिपेग,
४ जानेवारी २०१०

ती. जयंतीवहिनींस, शि. सा. न. वि. वि.

बासष्टाव्या वर्षी तुमचा धाकटा दीर खुळा झालाय, असं तुमच्या जावेने, शीलाने, फोनवर सांगितलं असेलच. खरं आहे. मी स्नोमोबाइल घेतली. म्हणजे बर्फावर पळणारी मोटारसायकलच, पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या. १९७० सालची, तुमच्या लग्नाच्या वर्षातली! बेसमेंटमध्ये तिचा कार्बुरेटर उघडून बसलो की शीला मला जेवायलाही हाक मारत नाही.

फेब्रुवारीत अशा जुन्या गाड्यांची राइड आहे. पाच दिवस, गोठलेल्या तळ्यावरून सहाशे किलोमीटर. जमतील ते पैसे माजी सैनिकांना. प्रत्येकाने एका सैनिकाचं नाव छातीवर लावायचं असतं. मी आपल्या रवींद्रदादाचं दिलं. दुसऱ्या देशाचा सैनिक चालेल का विचारलं, तर म्हणाले, का नाही?

पण फॉर्मवर दोन रकाने आहेत, हयात आणि दिवंगत. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेला माणूस कुठे लिहायचा? माझा हात अडला. तुम्ही सांगाल ते लिहीन.

थंडी उणे एकतीस आहे. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
नंदन


सातारा,
१९ जानेवारी २०१०

चि. नंदनभाऊजींस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राआधी पाकीट वाचलं. त्यावर ‘श्रीमती जयंती’ लिहिलंत. अडतीस वर्षं सारं गाव मला सौ. लिहितं. सासूबाईंनी शेवटच्या दिवसापर्यंत माझं कुंकू पुसू दिलं नाही. हळदीकुंकवाला स्वतः हाताला धरून न्यायच्या, कारण त्यांचा रवी येणार होता. आणि तुम्ही, यांचे सख्खे भाऊ, परदेशात बसून एका शब्दात मला विधवा करून मोकळे झालात! इतका राग आला की त्या दिवशी चहासुद्धा केला नाही.

रकाने दोन्ही कोरे ठेवा. नाव तेवढं लिहा.

कानटोपी घाला, शीलाचं ऐका. आणि त्या गाडीला म्हणावं, माझ्या लग्नाच्या वयाची आहेस, पण मध्येच टाकून जाऊ नकोस. रागावले तरी लोभ आहेच.

तुमची वहिनी,
जयंती


विनिपेग,
२० फेब्रुवारी २०१०

ती. सौ. वहिनींस, शि. सा. न.

चुकलो. इथे बाईच्या नावाआधी मिसेस लावतात. त्या मिसेसचं मराठी करताना माझ्या हातून श्रीमती झालं. इतकी वर्षं इथे काढून मराठीसुद्धा गोठली म्हणायची. पाया पडतो, माफ करा.

रकाने कोरे ठेवले. राइड पुरी झाली, गाडीने दगा दिला नाही. पण तिसऱ्या दिवशी जे झालं ते शीलालाही सांगितलेलं नाही.

वारा पडला होता. बारीक बर्फ हवेत नुसता तरंगत होता. तळं आणि आभाळ एकाच रंगाचं. पुढच्या गाड्या त्यात विरघळून गेल्या, इंजिनाचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटू लागला. मी चाललोय की तळंच खालून सरकतंय, कळेना. आणि वहिनी, माझ्या मागे कुणीतरी बसलं होतं. कमरेला हात घालून. दादाच होता. म्हातारा झालास की रे, असं कानाशी म्हणाला. त्याचा आवाज अठ्ठावीस वर्षांचाच. मी त्याच्याहून केवढा मोठा झालोय, याची मला लाज वाटली. सारी दुपार आम्ही तसेच जात होतो आणि मला थंडी म्हणून वाजली नाही.

सूप प्यायला थांबलो तेव्हा उतरून पाहिलं. मागच्या सीटवर बर्फाचा थर बसला होता, अगदी सपाट. पापण्यांवर पाणी गोठलं माझ्या. वहिनी, मला वाटतं दादा गेला. फार पूर्वीच गेला. हे मी बोलायला नको होतं, पण तुमच्याशिवाय बोलू कुणाशी?

या वेड्याला पदराखाली घ्या.

तुमचा,
नंदन


सातारा,
७ मार्च २०१०

चि. नंदनभाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुम्ही खरं लिहिलंत, आता मीही लिहिते. पाकिटावरचं श्रीमती वाचलं तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आला, तो स्वतःचाच. तुमच्यावर काढला.

सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासाठी वाट पाहिली. त्या गेल्यावर ते वाट पाहणं थांबवायचं कसं, कळेना. तुमचे दादा माझ्याही स्वप्नात येत असत. अंगणात उभे राहून हाक मारायचे आणि मी कडी काढत नसे. माझे केस पांढरे झालेत ना, ओळखतील का, म्हणून. काल रात्री जाग आली आणि मी खरंच दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. नुसतं चांदणं पडलं होतं. उंबऱ्यावर बसून पोटभर रडले हो, अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या वर्षी जाल तेव्हा त्यांचं नाव दिवंगतांच्या रकान्यात लिहा. बायकोने सांगितलंय म्हणावं.

आणि कुणी विचारलं, हा कोण, तर नुसता हुद्दा सांगू नका. सांगा की फार हसरा माणूस होता. चहात चार चमचे साखर घ्यायचा. एवढा शिपाईगडी, पण पालीला घाबरायचा, आणि ते फक्त मला माहीत होतं.

होता. बघा, लिहिला.

तुमची वहिनी,
जयंती