एक रिंग म्हणजे ठीक

३ ऑगस्ट
नाही, मी पोरीला रोज फोन करत नाही. कशाला करायचा? कॉलेजात गेलीय, लढाईवर नाही. सिस्टिम लावून दिलीय. संध्याकाळी सातला एक रिंग देऊन कट करायचं, म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोनदा दिली तर बिघाड, मग मी बघणार. बायको म्हणते, अहो, तिचा आवाज तरी ऐकू द्या. म्हटलं, आवाज करते ती मोटर बिघडलेली असते. जन्मभर मोटरींचं वाइंडिंग करतोय, मला शिकवू नकोस.

११ ऑगस्ट
सातला रिंग. टाइमावर. शिस्तीत माझ्यावर गेलीय.

२६ ऑगस्ट
सुट्टीत येणार होती, आली नाही. मेसेज टाकला, सबमिशन आहे. बायकोचं तोंड उतरलं. मी खूश. अभ्यास चाललाय म्हणजे.

९ सप्टेंबर
बायकोने चोरून फोन लावला. पोरीने उचलला नाही. सातला रिंग आली. बघ, म्हटलं, ठणठणीत. बायको जेवली नाही. उगाच.

१८ सप्टेंबर
कॉलेजातून मॅडमचा फोन. काउन्सेलर म्हणे. मुलगी लेक्चरला येत नाही, खोलीतून बाहेर पडत नाही, तुमच्याशी बोलते का? म्हटलं, रोज. मॅडमनी विचारलं, काय बोलते? म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय. आलं नव्हतं.
हल्ली सगळ्यांना मन झालंय. आम्हाला काम होतं.
भलत्याच कुणाची पोर असणार. आजसुद्धा रिंग आली की.

२० सप्टेंबर
होस्टेलवर गेलो. बायकोच्या समाधानासाठी. दार तिच्या खोलीतल्या चष्मेवालीने उघडलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. केसांच्या जटा झालेल्या. डबा न उघडता तसाच. मी आलो तरी वळली नाही. पंखा कुरकुरत होता, तो दुरुस्त करायला घेतला.
सातला अलार्म झाला. चष्मेवालीने सवयीने पोरीचा फोन उचलला. माझ्या खिशात एक रिंग. कट.
मी स्टुलावरून बघतोय. चष्मेवाली पांढरीफटक.
"काका, तिनेच सांगितलंय. रिंग चुकली तर बाबा चिडतील म्हणाली."
कधीपासून, ते विचारलं नाही. पंखा मात्र झकास चालतोय.

२१ सप्टेंबर
घरी आणली. मॅडमनी सांगितलं, डॉक्टरकडे न्या, आणि सल्ले देऊ नका, ऐका. सोपं आहे. आजपासून रोज बोलणार. सुरुवात केली. विचारलं, पंख्याचा वारा लागतो का? हो म्हणाली. चांगली प्रगती. बायकोने कपाळाला हात लावला.

२४ सप्टेंबर
डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आज नीट बोलायचं ठरवलं होतं. तिच्या दारापर्यंत गेलो. मग आठवलं, एकाची पंपाची मोटर अर्जंट आहे. उद्या बोलू.

२५ सप्टेंबर
मोटर अजून अर्जंट.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी सात
दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. तार गुंडाळत होतो. फोन वाजला, कट झाला. पोरीचा. आतल्या खोलीतून. चला, ठीक आहे म्हणजे, म्हटलं, आणि पुन्हा तार धरली.
परत वाजला.
नियम माझाच. उठलो. हातात पक्कड तशीच. दारात उभा राहिलो. वर बघितलं. खोलीतला पंखा बंद होता.
ती म्हणाली, "बाबा, पंख्याचं नाही काही. तुम्ही बसा."
बसलो. पुढचं लिहिणार नाही.