सातव्या गाण्यातला पाहुणा

प्रिय मार्टिन,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. वाइनोचा गुडघा सोडला तर धडधाकटही आहेत. फोनवर मोकळेपणी बोलायची सोय मात्र राहिलेली नाही. मी तुझा नंबर फिरवला की तुझे बाबा बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि मी फोन ठेवला की पुन्हा मोठा करतात. मग हळूच विचारतात, 'कोण होतं?' जसं काही लॉस एंजेलिसहून मला दहा-बारा माणसांचे फोन येतात. आज ते वाइनोच्या ड्रमची दुरुस्ती करायला गेलेत. तिथे दोघांचं भांडण होऊन ते परत येईपर्यंत माझ्याकडे निवांत दीडेक तास आहे. ओव्हनमध्ये अक्रोड भरलेला गोड पाव, आपली पोटीत्सा, आहे, बाहेर बर्फ पडतोय, आणि तुझ्या जुन्या खोलीतलं पेन चक्क अजून चालतंय.

आधी बातमी सांगते. तुझे बाबा अल्बम काढतायत. हो, बरोबर वाचलंस. चाळीस वर्षं आपल्या ईली गावातल्या प्रत्येक लग्नात पोल्काची नाचगाणी वाजवल्यावर त्यांना आता वाटायला लागलंय की हे कुठेतरी राहायला हवं. हे वाटायला लागलं ते आपला सॅक्सोफोनवाला एडी गेला तेव्हापासून. चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला वाजवायला एडीची एक टेपसुद्धा कुणाकडे निघाली नाही. तुझे बाबा घरी आले, कोट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'रोझाली, आम्ही सगळे असेच हवेत जाणार.' दुसऱ्या दिवशी त्यांनी डुलुथच्या एका स्टुडिओला फोन लावला. स्टुडिओवाल्याने नोव्हेंबरातले दिवस दिले, कारण हरणांच्या शिकारीच्या मोसमात इथला कुणी शहाणा माणूस गाणी वाजवत बसत नाही. तुझे बाबा हो म्हणाले! बंदूक कपाटातच राहिली. वाइनो दोन दिवस माझ्याशीही बोलत नव्हता, मी काय केलं होतं कोण जाणे. एडीच्या जागी त्याचा जावई आला, सगळं जमलं, फक्त तो खालच्या सुरांचा बेस वाजवायला माणूस मिळेना. बेसवाल्याशिवाय अल्बम पुरा करायचा नाही असं त्यांनीच ठरवलेलं, आणि आपल्या घरातच एक बेसवाला जन्माला आला होता ही गोष्ट तुझे बाबा तोंडातून काढेनात.

तुला वाटत असेल, त्यांना तुझ्या वाजवण्याची काही किंमतच नाही. तेच सांगायला बसले आहे. तुझा स्वतःचा बँड 'विश्रांती घेतोय' असं तू म्हणतोस त्याला आता किती वर्षं झाली! खाणीतून निवृत्त झालेली माणसंसुद्धा एवढी विश्रांती घेत नाहीत, पण तो तुमचा प्रश्न. तेव्हापासून तू दुसऱ्यांच्या अल्बमांवर एखाद्या गाण्यापुरता जातोस आणि मला डिस्क पाठवतोस. सोबत चिठ्ठी असते, 'आई, मी सातव्या गाण्यात आहे.' पहिली डिस्क आली तेव्हा मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. त्या रडक्या आवाजाच्या कॅलिफोर्नियाच्या मुलीचा अल्बम होता. मी बर्निसला आणि चर्चच्या सगळ्या बायकांना कॉफीला बोलावलं, केस सेट करून घेतले आणि सातवं गाणं लावलं. मुलगी रडली, गिटार रडली, गाणं संपलं. बर्निस म्हणाली, 'छान आहे गं. पण मार्टिन कुठे होता?' मी म्हटलं, 'खाली.' 'खाली म्हणजे कुठे?' मला तरी कुठे ठाऊक होतं! पुन्हा लावलं. बर्निस म्हणाली, 'तो त्या दिवशी आजारी होता का?' मग मी चिडून आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि काचेच्या कपाटातल्या माझ्या लग्नातल्या कपबश्या थरथरायला लागल्या. मी ओरडले, 'तो बघा, आला!' सगळ्या बायका उठून कपाटाजवळ गेल्या. तेव्हापासून आम्ही तुला तसंच ऐकतो. नवीन डिस्क आली की बर्निस चष्मा काढते, कपाटावर तळहात टेकवते आणि म्हणते, 'हं, आज खुशीत आहे पोरगा.' दोन बश्यांना तडे गेलेत, पण त्याचं काही नाही.

त्या दिवशी तुझे बाबा आपल्याला काही देणंघेणं नाही असं दाखवत गॅरेजमध्ये गेले होते. रात्री सूप पिताना, कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, 'दुसऱ्या कडव्याआधी घाई करतो. लहानपणापासूनची खोड आहे.' गॅरेजची भिंत किती पातळ आहे ते तुला माहीत आहे. पण दुसऱ्या कडव्याआधीचं ऐकायचं तर भिंतीला कान लावूनच बसावं लागतं, आणि नेमक्या त्या भिंतीपाशी त्यांनी एक स्टूल नेऊन ठेवलंय. मी विचारलं तेव्हा म्हणाले, वरचे खिळे काढायला ठेवलंय. खिळे अजून तिथेच आहेत.

मग तो शिंगवाल्या सांगाड्याचा अल्बम आला. मार्टिन, निदान आईला पाठवताना वरचं चित्र काढून ठेवावं रे! नेमके त्याच दिवशी फादर लिओ आले. मी घाईघाईने त्यावर पोटीत्साची काचेची ताटली ठेवली. त्यांनी एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, आणि त्या रिकाम्या जागेतून त्यांना शिंगं दिसली. मी म्हटलं, 'आमच्या मार्टिनने यात पाहुणा म्हणून वाजवलंय, फादर, चित्राशी त्याचा काही संबंध नाही.' ते म्हणाले, 'लावा बघू.' मी लावलं. त्यात तो माणूस कुणीतरी त्याचा पाय गाडीखाली घेतल्यासारखा ओरडत होता. फादर डोळे मिटून पुरं ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, 'रोझाली, गाणाऱ्यासाठी आपण प्रार्थना करू. पण मागे जो कुणी आहे तो भरवशाचा मुलगा आहे.' हे मी गॅरेजपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

त्या माँट्रियलच्या बाईंचा देवमाशांचा अल्बम आठवतो ना? तासभर देवमाशांचे आवाज, आणि त्यात तुझे चारच सूर. तुझे बाबा जेवताना फार चिडले होते. 'चार सूर वाजवायला माणूस विमानाने जातो? चार सूर तर आपला कुत्रासुद्धा काढतो.' मग बराच वेळ बटाटे चिवडत बसले आणि म्हणाले, 'पण चारही जिथल्या तिथे होते. एवढा वेळ गप्प बसून वेळेवर येणं सोपं नाही.' मी ताटात बघत राहिले, कारण मी हसले असते तर त्यांनी पुढे महिनाभर तोंड उघडलं नसतं. मात्र टेनेसीच्या त्या गायकाच्या नाताळच्या अल्बमावर तुझ्या नावापुढे 'विशेष पाहुणा' असं छापून आलं, तेव्हा ते खरोखर भडकले. 'पाहुणा! म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवायचं आणि भांडी न घासता उठायचं. सगळ्या जगाच्या घरी हा पाहुणा!' वाक्य तिथेच संपलं. पुढचं काय होतं ते मला कळलं आणि तुलाही कळेल.

तू मागच्या नाताळात मला म्हणालास, 'बाबांनी बोलावलं तर येईन, आई. नुसतं एकदा बोलावू दे.' मी तुझा निरोप तसाच्या तसा पोचवला, एक शब्द इकडेतिकडे केला नाही. ते म्हणाले, 'बोलावतात ते पाहुण्यांना. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण?' झालं! एक आमंत्रणाची वाट बघत तिकडे बसलाय आणि दुसऱ्याला आमंत्रण देणं हाच अपमान वाटतो. दोघांच्या डोक्यात एकाच डोंगराचा दगड आहे आणि तो डोंगर कोचेवारांकडचा आहे, माझ्या माहेरचा नाही, हे लिहून ठेव.

मग बेसवाल्यांचा शोध सुरू झाला. पहिला आला तो हिबिंगचा एक शाळामास्तर. त्याने भरभर सुरुवात केली आणि तुझ्या बाबांनी अकॉर्डियन मांडीवर टेकवलं. 'मास्तर, तुमची बस सुटतेय का?' मास्तर म्हणाला, 'नाही.' 'मग आमच्याबरोबर थांबा की जरा.' मास्तर थांबला नाही. दुसरी एक गोड मुलगी होती, हात इतका सफाईचा की वाइनो तिला सोडायला पार गाडीपर्यंत गेला, दुखऱ्या गुडघ्याने. तुझे बाबा म्हणाले, 'वाजवते चांगलं, पण चेहरा बघितलास? पोल्का वाजवतेय की दाढ काढून घेतेय?' तिसरा सगळा वेळ हसतच होता. तो गेल्यावर हे म्हणाले, 'याला एवढं हसायला काय झालंय?' शेवटी वाइनोने ड्रमच्या काठ्या खाली टाकल्या. 'रूडी, तुला बेसवाला नकोच आहे. तुला चुका काढायला माणूस हवाय.' त्यावर तुझे बाबा अकॉर्डियन पुसायला लागले, आणि ते अकॉर्डियन पुसायला लागले म्हणजे समोरच्याचं बरोबर असतं.

मला एक सांगू दे, तुला ते कधी कळलं नसणार कारण तू इथे नव्हतास. तू शाळेत असताना त्यांच्या बँडमध्ये बेस वाजवायचास, तेव्हा त्यांचा डावा हात नुसता भाता ओढायचा. अकॉर्डियनची त्या बाजूची बटणं बेसचीच, पण ते काम तुझं, म्हणून ती बटणं ते वाजवत नसत. मग तू केस वाढवलेस आणि त्या चार पोरांबरोबर व्हॅनमध्ये बसून गेलास. पुढच्याच शनिवारी स्लोव्हेनियन हॉलमध्ये नाच होता. सगळ्यांना वाटलं, आता रूडी दुसरं कुणीतरी बघेल. त्यांनी कुणालाही बघितलं नाही. डाव्या हाताची बोटं बटणांवर ठेवली आणि त्या दिवसापासून प्रत्येक नाचात दोघांचं काम एकट्याने ओढलं. दर शनिवारी घरी आले की मी तो डावा हात खांद्यापासून गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. मला तेव्हा तुझा फार राग आला होता, मार्टिन. आता राग नाही. आता नुसती तुझी आठवण येते, आणि कपबश्यांवर माझं भागत नाही.

परवा मी त्यांच्याबरोबर डुलुथला गेले, सॉसेज आणि आंबट कोबी घेऊन, कारण उपाशीपोटी हे लोक फक्त भांडतात. काचेच्या अलीकडे स्टुडिओवाल्या पोराशेजारी बसले. केसांची शेपटी आहे, पण स्वभावाने चांगला आहे. सगळी गाणी एकामागून एक झाली. संगीतातलं मला काही कळत नाही, पण तो डावा हात मी इतकी वर्षं शेकलाय, तो मी ओळखते. त्याची बोटं बटणांना शिवतही नव्हती! नुसता भाता पुढेमागे होत होता. मला वाटलं, झालं, संधिवात. जेवताना त्याच हाताने त्यांनी काकडीच्या लोणच्याची बरणी उघडली, जी वाइनोला आणि एडीच्या जावयाला मिळूनही उघडता आली नव्हती. मी म्हटलं, 'रूडी, हात ठीक आहे ना? मग त्या बाजूने वाजवत का नाहीस?' ते काकडी खात म्हणाले, 'एका कामाला दोघं लागले की गोंधळ होतो.' मी विचारलं, 'दुसरा कोण?' त्यांनी आणखी एक काकडी घेतली. तेवढ्यात तो स्टुडिओवाला पोरगा म्हणाला, 'मिस्टर कोचेवार, बेसची जागा मी सगळ्या गाण्यांत मोकळी सोडलीय, पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी मला रेकॉर्डिंग संपवावं लागेल. तुमचा माणूस कधी येतोय?' तुझे बाबा बरणीवरून नजरही वर न उचलता म्हणाले, 'निघालाय.' वाइनो माझ्याकडे बघायला लागला, मी वाइनोकडे. तुझ्या बाबांना मी आजवर खोटं बोलताना ऐकलेलं नाही, ते पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा खरी सांगतात. तेव्हा मार्टिन, तू निघाला आहेस. तुला अजून कुणी सांगितलं नसेल, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई